घरातली कचेरी आणि रांगते मूल

कचेरी वेगळी आणि घर वेगळे, ही आपल्याकडची जुनी व्यवस्था. माणूस संध्याकाळी घरी येई, उंबऱ्याशी वहाणा काढी आणि वहाणांबरोबर कचेरीही बाहेरच राहत असे. फार तर एखादी फाईल काखेत असायची. पण फाईलीला वीज लागत नसे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ही व्यवस्था एका रात्रीत मोडली. जेवणाच्या टेबलावर, दिवाणावर, देवघराशेजारच्या कोनाड्यात कचेरीने बैठक मारली. पुढे टाळेबंदी उठली, दारे उघडली. परंतु घरात शिरलेली कचेरी पुरती परत गेली नाही. आठवड्यातले काही दिवस घरून काम करणारे, शिकवण्या घेणारे, हिशेब लिहिणारे आणि आमच्यासारखे पडद्यावर उत्तरपत्रिका तपासणारे, अशा कितीतरी जणांच्या घरी ती आज नांदते आहे.

या घरगुती कचेरीसाठी आपण जी यंत्रे आणतो ती निवडताना किंमत, वजन आणि वेग या तीन गोष्टी पाहतो. घरात रांगते मूल असेल तर चौथी गोष्ट पाहावी लागते, आणि ती पहिल्या तिन्हींच्या आधी पाहावी लागते, हे मी अनुभवाने शिकलो. मी कला शाखेचा माणूस. विजेचे शास्त्र माझा विषय नव्हे. पण एका दुपारी असा प्रसंग घडला की, त्यानंतर या विषयाकडे पाठ फिरवून बसणे मला शक्य झाले नाही.

जुलै २०२० मधली गोष्ट. माझी मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची होती. माझ्याकडे लॅपटॉपच्या अडॅप्टरला जोडायच्या दोन वायरी होत्या. एक नवी, एक जुन्या यंत्राबरोबर आलेली. एक बाहेरच्या खोलीत आणि दुसरी आतल्या खोलीत लावून ठेवलेली असे. खोली बदलताना लॅपटॉप आणि अडॅप्टर तेवढा उचलायचा, वायर सोडवत बसायला नको! या सोयीचा मला थोडा अभिमानही होता. त्या दुपारी तास संपवून मी आत गेलो. बाहेर भिंतीतली वायर तशीच राहिली, बटण चालू राहिले. वायरीचे सुटे टोक जमिनीवर लोंबत होते. मुलगी रांगत गेली, तिने ते टोक उचलले आणि त्या वयाची मुले जे करतात तेच केले. ते तोंडाकडे नेले.

माझी आई समोर निवडण्याचे ताट घेऊन बसली होती. तिने आरडाओरडा केला नाही, मुलीलाही ओढले नाही. तिने आधी बटण बंद केले आणि मग टोक हातातून काढून घेतले. मी धावत बाहेर आलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अरे, यंत्र नेलंस, वीज कोण नेणार?"

आईच्या या वाक्यात माझ्या साऱ्या चुकीचा निवाडा होता. पुढे जे वाचले, वायरमनला विचारले आणि बाजारात पाहिले, ते सगळे या एका वाक्याभोवतीच फिरत राहिले.

हलते काय आणि राहते काय

उचलून नेता येणारी कचेरीची यंत्रे काही आजची नाहीत. पेटीत बसणारी टंकलेखन यंत्रे शंभर वर्षांहून जुनी आहेत. आपल्याकडे गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. अशा यंत्रात मुलाचे बोट चिमटू शकत होते, शाईची फीत विस्कटू शकत होती. पण जिवाला धोका नव्हता, कारण ते बोटांच्या बळावर चाले.

१९८१ मध्ये अमेरिकेत ऑसबोर्न-१ नावाचा संगणक आला. हातात धरून नेता येणारा आणि बाजारात चाललेला तो पहिला संगणक मानला जातो. त्याचा निर्माता अ‍ॅडम ऑसबोर्न याच्या बालपणाची वर्षे तमिळनाडूत गेली होती. या संगणकाचे वजन सुमारे ११ किलो होते आणि त्यात बॅटरीच नव्हती! म्हणजे उचलून कुठेही न्या, पण तिथे भिंतीत पिन खुपसल्याशिवाय तो चालणार नाही. पुढे १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि यंत्र काही तास तरी भिंतीपासून मोकळे झाले. 'काही तास' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बॅटरी संपली की ते भिंतीकडे परत येते, आणि ज्या ज्या भिंतीकडे ते परत येते तिथे तिथे आपण एकेक वायर त्याची वाट पाहत ठेवतो. यंत्र जितके हलके आणि फिरते, तितक्या या वायरी अधिक. धोका यंत्रात कमी आणि त्याने मागे सोडलेल्या शेपटीत जास्त असतो.

थोडे गणित

आपल्या घरांत वीज २३० व्होल्ट दाबाने येते. परंतु शरीराला इजा किती होते हे त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर ठरते, आणि हा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजतात. साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या आल्यासारखे वाटते. पुढे एक टप्पा असा येतो की स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडू म्हटले तरी सोडता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हा टप्पा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत सरासरी १०.५ मिलिअँपिअर असल्याचे दाखवले. लहान मुलांत तो आणखी खालचा धरतात. त्याही पुढे श्वास अडखळतो, आणि मग हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो.

आता ओल्या त्वचेचा किंवा तोंडाचा विरोध ढोबळमानाने १००० ओहम धरू. २३० व्होल्टला १००० ने भागले की ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर येतात. डॅल्झील यांच्या आकड्यांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. कोरड्या हाताला कधीतरी शॉक बसून माणूस सुटतो आणि तो किस्सा हसून सांगतो. पण लाळेने भिजलेल्या तोंडाला ती सवलत नाही. माझ्या वायरीच्या टोकाला तीन छिद्रे होती, आणि धातूचे भाग त्या छिद्रांच्या आत होते. तिथे बोट जात नाही म्हणून ते टोक निर्धोक, असे मला वाटत असे. बोट जात नाही हे खरे. पण लाळ जाते.

हेच गणित मोबाईलच्या चार्जरच्या बारीक वायरीला लावू. तिथे ५ व्होल्ट असतात. भागाकार येतो ५ मिलिअँपिअर. ती वायरही तोंडात घालू देण्याची वस्तू नव्हे, पण दोन्ही टोकांतला फरक स्पष्ट आहे. भिंतीचा दाब जिथे उतरतो तिथपर्यंतची वायर मारक, आणि त्यापुढची बरीच सौम्य. यातूनच निवडीची पहिली कसोटी मिळते: भिंतीचा दाब भिंतीपाशीच उतरला पाहिजे.

यंत्रे निवडताना

लॅपटॉप घेताना त्याचा चार्जर हातात घेऊन पाहावा. काही चार्जरांना भिंतीपासून विटेसारख्या अडॅप्टरपर्यंत एक जाड, सुटी होणारी वायर असते. माझी होती तीच. काहींच्या पिना मात्र चार्जरच्या अंगालाच असतात. तो थेट भिंतीवर बसतो आणि त्यातून फक्त कमी दाबाची वायर बाहेर येते. मूल असलेल्या घरात दुसरा प्रकार चांगला. त्यातही टाइप-सी पद्धतीचा असेल तर अधिक बरे. या पद्धतीत पलीकडे यंत्र जोडले आहे अशी खूण पटल्याशिवाय चार्जर टोकाला दाब देत नाही. आधी ५ व्होल्ट देतो आणि यंत्राने मागितले तरच २० व्होल्टपर्यंत चढतो. म्हणजे जमिनीवर पडलेले सुटे टोक जवळजवळ निर्जीव असते. मात्र असा चार्जर जड असतो, आणि सैल सॉकेटमधून तो खाली झुकला की पिना अर्धवट उघड्या पडतात. म्हणून तो घट्ट बसतो का, हे घरी आणल्यावर लगेच पाहावे.

जाड वायरीचाच चार्जर नशिबी आला, तर वायर अडॅप्टरपासून कधीच सोडवू नये. तिथे चिकटपट्टी गुंडाळून टाकावी. खोली बदलताना वायर भिंतीतून काढावी आणि यंत्राबरोबर न्यावी. माझी ती दुसरी वायर मी त्याच संध्याकाळी माळ्यावर टाकली.

चार्जरवर काही खुणा असतात त्या वाचाव्यात. चौकोनात चौकोन असेल तर त्याचा अर्थ दुहेरी आवरण, म्हणजे अर्थिंगवाचून सुरक्षित राहील अशी बांधणी. भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही शोधावा. २०१२ च्या सरकारी आदेशाने लॅपटॉप, प्रिंटर, अडॅप्टर यांना ही नोंदणी सक्तीची झाली, आणि पुढे पॉवर बँकही त्या यादीत आली. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त चार्जरावर ही खूण नसेल, तर उच्च दाब आणि कमी दाब यांच्यामध्ये आत किती अंतर राखले आहे, हे आपल्याला बाहेरून कळायला काही मार्ग नसतो.

पॉवर बँक घेताना २०,००० हा आकडा पाहून आपण खूश होतो. त्याचा अर्थ असा की, आतल्या सेलचा दाब ३.७ व्होल्ट धरला तर सुमारे ७४ वॅट-तास ऊर्जा त्या ठोकळ्यात कोंडलेली असते. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक, तीही केवळ हातातल्या सामानात, नेता येते. यावरून या ठोकळ्याकडे किती सावधपणे पाहतात ते कळेल. ती फुगलेली दिसली, पडून चेपली, तर वापर थांबवावा. उशीखाली किंवा पांघरुणात चार्ज करू नये, आणि मुलाला खेळायला तर देऊच नये.

छपाईयंत्र निवडताना एक फरक लक्षात ठेवावा. लेझर प्रिंटरमध्ये पूड कागदावर वितळवून चिकटवावी लागते आणि त्यासाठी आतला रूळ २०० अंशांच्या आसपास तापतो. शाई उडवणाऱ्या छोट्या प्रिंटरात असा तापणारा रूळ नसतो. बॅटरीवर चालणारे प्रकारही मिळतात. थोडीच पाने छापायची असतील तर घरात हाच बरा. कागद फाडण्याच्या यंत्राबद्दल मी जरा कडक बोलेन. त्याची फट पातळ असते, पण मुलाचे बोटही पातळ असते. आणि आपोआप सुरू होणारे यंत्र कागद आणि बोट यांत भेद करत नाही. घरगुती कामाला हाताने फिरवायचे यंत्र किंवा साधी कात्री पुरते. विजेचे हवेच असेल तर वापरानंतर त्याची पिन काढून ते उंचावर ठेवावे.

सगळ्यांत फसवी वस्तू सगळ्यांत लहान असते. काही गणकयंत्रांत, रिमोटमध्ये, घड्याळात नाण्यासारखा गोल सेल असतो. त्यातला २० मिलिमीटर व्यासाचा ३ व्होल्टचा लिथियम सेल मुलाने गिळला, तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो. तिथल्या ओलाव्यातून प्रवाह वाहू लागतो, तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आत गंभीर भाजणूक होऊ शकते. 'संपलेला' म्हणून टाकलेल्या सेलातही एवढे करण्याइतका जोर उरलेला असतो. म्हणून माऊस किंवा रिमोट पेन्सिल सेलवर चालणारा घ्यावा. आणि गोल सेल असेलच तर त्याचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे.

बोर्ड, बटण आणि पिन

सुट्या बोर्डावर आपण जेवढा भार टाकतो तेवढा कदाचित दुसऱ्या कशावरच टाकत नसू. ६ अँपिअरचा बोर्ड साधारण १३८० वॅट पेलतो. लॅपटॉपचे ६५, मोबाईलचे २०, राउटर आणि दिवा यांचे मिळून २०, अशी आपली कचेरी शंभर-सव्वाशे वॅटची. तिला हा बोर्ड सहज पुरतो. पण त्याच बोर्डावर १००० वॅटची इस्त्री, आणि वर खोली गरम करण्याचा हीटर लावला, तर वायर तापते, आवरण मऊ होते. कचेरीचा बोर्ड कचेरीलाच ठेवावा. त्यावर आय. एस. आय. चिन्ह असावे, प्रत्येक सॉकेटला वेगळे बटण असावे, आणि छिद्रांच्या आत सरकते झाकण असावे.

या झाकणाची युक्ती फार सुंदर आहे. तीन पिनांतली अर्थिंगची पिन लांब आणि जाड असते. ती आधी आत शिरते, आतले झाकण बाजूला सारते आणि मगच बाकीच्या दोन पिनांना वाट मिळते. मुलाने खालच्या एका छिद्रात खिळा घातला तरी झाकण उघडत नाही. आता आपण काय करतो? दोन पिनांचा चार्जर बसत नाही म्हणून वरच्या छिद्रात पेन खुपसून झाकण उघडतो! मीही केले आहे. घरातले मूल हे पाहत असते. भिंतीतल्या छिद्रात काहीतरी खुपसायचे असते, हा धडा आपणच त्याला देतो. यापेक्षा दोन पिनांना थेट घेणारे, पण झाकण असलेले सॉकेट वायरमनकडून बसवून घ्यावे. बाजारात छिद्रे बंद करणारी प्लॅस्टिकची टोपणेही मिळतात. पण तीन पिनांच्या टोपणाने आतले झाकण उघडेच राहते, आणि मुलाने ते ओढून काढले तर तोंडात घालायला एक वस्तू मिळते. झाकण असलेल्या सॉकेटला टोपणाची गरज नाही.

बटण बंद केले की वीज बंद झाली, हेही दर वेळी खरे नसते. बटण फेजची तार तोडते. तारा उलट्या जोडल्या असतील तर बटण बंद असूनही सॉकेटात फेज राहते. वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे: बटण बंद असताना कुठल्याही छिद्रात टेस्टर पेटता कामा नये.

आता मुख्य बोर्डातल्या रक्षकांविषयी. एम. सी. बी. पडते म्हणून आपण सुरक्षित, असा समज आहे. १६ अँपिअरची एम. सी. बी. १६,००० मिलिअँपिअरच्या पुढेच हालचाल करते. ती वायरचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. माणसासाठी आर. सी. सी. बी. हे वेगळे उपकरण असते. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते, आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडते. प्रत्येक घरात ते असावे आणि त्यावरचे तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. परंतु त्यालाही मर्यादा आहे. मुलाने वायरीचे टोक तोंडात घेतले आणि प्रवाह फेजमधून ओठांवाटे न्यूट्रलमध्येच परत गेला, तर गेला तेवढा आला असाच त्या उपकरणाचा हिशेब लागतो आणि ते गप्प राहते. माझ्या घरी त्या दुपारी नेमके हेच घडू शकले असते. म्हणून सांगतो, उपकरणे जरूर लावा, पण जिवंत टोक मागे सोडू नका. त्याला पर्याय नाही.

प्रसंग आलाच तर

मूल विजेला चिकटले तर त्याला हात लावू नये. आधी बटण किंवा मेन स्विच बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी वस्तूने वायर दूर करावी. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छातीवर दाब देणे सुरू करावे, आणि १०८ किंवा ११२ वर फोन करावा. ओठाच्या कोपऱ्यात छोटासा पांढरट चट्टा दिसला तरी 'होईल बरे' म्हणून सोडू नये. अशा भाजण्यात खपली पडताना, म्हणजे आठवडा-दोन आठवड्यांनीही, ओठातल्या रोहिणीतून जोराचा रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

गोल सेल गिळल्याची शंका जरी आली तरी तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. उलटी करवू नये. मूल एक वर्षावरचे असेल, बारा तास उलटले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध, असे सहा वेळांपर्यंत देता येते. दुसरे काही खायला-प्यायला देऊ नये, आणि मध शोधण्यात वेळ घालवू नये.

हे सारे वाचून कोणाला वाटेल की, घरात कचेरीच नको. तसे नाही. घरून काम करता आले म्हणून मुलीची पहिली पावले मला पाहता आली. ती भिंतीला धरून उभी राहिली तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवर उत्तरपत्रिका तपासत होतो. कचेरी घरात आली तर येऊ द्यावी. मात्र घर तिच्या सोयीने चालू नये, तिने घराच्या शिस्तीने वागावे. जुन्या घरांत रात्री निजण्यापूर्वी बायका चूल विझली का ते पाहून येत. आता चुलीची जागा बोर्डाने घेतली आहे, एवढाच फरक.

मुलगी आता शाळेत जाते. परवा मी लॅपटॉप उचलून आत निघालो, तर तिने मागून हाक मारली, "बाबा, वायर!" मी परत आलो, बटण बंद केले आणि वायर गुंडाळून बरोबर घेतली.